अंगावर राहिलेला सवाल

एक बाई दर एप्रिलमध्ये भर मैदानात गोटीराम गांगुर्डे यांचा पाणउतारा करायची आणि त्यासाठी रीतसर पत्रिका छापल्या जायच्या. पत्रिकेवर डावीकडे गोटीराम, फेटा बांधलेले. उजवीकडे झुंबरबाई पगारे, डोक्यावर पदर. दोघांच्या मध्ये वीज कडाडल्याची नक्षी आणि वर ठळक अक्षरांत ‘जंगी सामना’. नव्वद-एक्याण्णवपासून पुढची दहा-बारा वर्षं नाशिकच्या निम्म्या वस्त्यांनी बाबासाहेबांच्या जयंतीची पत्रिका म्हणून हीच पाहिली. तारीख आणि मैदान तेवढं बदलायचं. फोटो तेच राहिल्यामुळे दोघं म्हातारे झाले नाहीत, निदान छापखान्यात तरी.

सामना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच स्टेजवर दोन गायन पार्ट्या बसतात, एक पुरुषाची आणि एक बाईची. मध्ये टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, हार, मेणबत्त्या. टेबलाच्या दोन्ही अंगांना एकेक गादी, तिच्यावर पेटी, ढोलकी आणि मागे टाळ्या वाजवणारा कोरस. आधी वंदना होते, मग दोन-चार गाणी शांततेत होतात आणि मग भांडण सुरू होतं. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि अधूनमधून एकमेकांच्या गळ्याचा, अकलेचा आणि रूपाचा उद्धार करायचा. लोक गाण्याला येत आणि भांडणाला थांबत.

गोटीराम महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून इंदिरानगरला पाणी सोडायचं हे त्यांचं काम. मुलाने, महेशने, तिथेच तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेलो. पाणी आलं नाही तर ज्याच्या दारात जाऊन बोल लावता येतो असा शेजारी मिळाला, याचं मला समाधान होतं. ते गातात हे मला पुढे कळलं, आणि तेही त्यांच्या पत्नीकडून. सुलाबाई म्हणाल्या, “मी लग्नाची बायको, पण यांना एवढं कधी बोलले नाय. ती झुंबर बोलते मैदानात, आन् हे घरी येऊन हसत्यात.”

“हसू नको तर काय करू?” गोटीराम म्हणाले. “चांगलं बोलते ती.”

झुंबरबाई पंचवटीत भाजीची गाडी लावायची. त्यामुळे दोघांच्याही शिव्यांचा माल घरचाच असायचा.

“शाहीर,” ती माईकवर सुरू करायची, “सकाळी व्हॉल्व्ह फिरवता तसा आता गळा फिरवा जरा. बघू, थेंब तरी येतो का!”

“बाई, तुमच्या गाडीवरचा दोडका बरा. शिजवला तर नरम तरी पडतो. तुमचा सूर कितीही उकळा, कच्चा तो कच्चाच!”

“कच्चं-पक्कं कळायला तोंडात दात लागतात, शाहीर!”

यावर मैदान पाच मिनिटं कोसळत असे. गोटीरामांचा पुढचा एक दात खरोखरच नव्हता आणि त्यांनी तो पुढे बरीच वर्षं बसवला नाही. बसवला असता तर बाईंची एक ओळ फुकट गेली असती.

तिच्या आवाजाबद्दल मात्र ते विनोद करत नसत. “आवाज गोड नव्हता तिचा,” ते मला म्हणाले होते. “गोड गळ्याच्या बाया लय होत्या. त्या गायला लागल्या की लोक चहाला उठायचे. ही गायला लागली की मैदानाच्या कडेला भजीवाला असायचा ना, तो कढई खाली उतरवायचा. तळण्याचा आवाज आड येतो म्हणून लोक ओरडायचे त्याच्यावर.” ती माईक तोंडाजवळ नाही, छातीच्या खाली धरायची. ओळीचा शेवटचा शब्द ती स्वतः म्हणत नसे. तो सोडून द्यायचा आणि कोरसने उचलायचा, ही तिची रीत. पण रमाईच्या गाण्यात, लेकरं गेल्याचा अंतरा आला की ती शेवटच्या शब्दाआधी थांबायची आणि कोरसही गप्प बसायचा. मग तो शब्द मैदानातले लोकच उचलायचे, खालच्या आवाजात.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी समोरच्या गादीवर. दुश्मनाची ओळ पुरी करणं बरं नाय. पण तोंड ऐकतंय होय?”

स्टेजवरून उतरल्यावर मात्र दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नसत. हा राग नव्हता, धंद्याचा नियम होता. दोन्ही पार्ट्या वेगळ्या गाडीने येत, वेगळ्या घरी जेवत आणि समोरासमोर आल्या तर मान वळवत. गोटीरामांच्या उस्तादाने त्यांना बजावलं होतं की, ज्या दिवशी लोकांना कळेल हे दोघं एका पंगतीला जेवतात, त्या दिवशी लोकही आपापल्या घरी जेवायला निघून जातील. हा नियम दोघांनी इतका चोख पाळला की बारा वर्षांत ते जे काही एकमेकांशी बोलले ते सगळं हजारेक माणसांच्या देखत, ढोलकीच्या साथीने बोलले. यापेक्षा जास्त बोलणारी जोडपी माझ्या पाहण्यात फारशी नाहीत.

दोन हजार दोनच्या जयंतीला मी पहिल्यांदा सामना पाहायला गेलो. तो शेवटचा निघाला. कार्यक्रम सातचा होता. नऊपर्यंत पाहुण्यांची भाषणं झाली. वेळेअभावी थोडक्यात बोलतो, असं प्रत्येकाने सांगितलं आणि त्यातच वेळ गेला. दहाला भोंगा बंद, हा नियम तेव्हा नवा होता. पावणेदहाला हवालदार स्टेजखाली येऊन उभा राहिला आणि उत्सव समितीचा सेक्रेटरी रवी त्याला सरबत देऊ लागला. भांडण जेमतेम तापलं होतं. झुंबरबाईने हवालदाराकडे पाहिलं, गोटीरामांकडे पाहिलं, ढोलकी थांबवली आणि सवाल टाकला:

दोघांच्या मालकीचं, एकाला पेलवेना,
अर्धं कापून घरला नेता येईना,
एक उठून गेला तर दुसऱ्याला उरेना,
सांग रं शाहिरा, ते काय?

मैदानातून लगेच “संसार! संसार!” असा ओरडा झाला आणि शिट्ट्या वाजल्या. झुंबरबाईने मान हलवली. “एवढं सोपं असतं तर तुम्हालाच नसतं का बोलवलं गायला?” गोटीरामांनी पेटीवर सूर धरला, तोंड उघडलं, आणि रवीने माईक बंद केला. दहा वाजले होते.

“पुढच्या साली, शाहीर!” झुंबरबाई बिनमाईकचीच म्हणाली. शेवटच्या रांगेत मी बसलो होतो. मला स्वच्छ ऐकू आलं.

सामन्यात जवाब राहिला की सवाल अंगावर आहे, असं म्हणतात. त्याचेही नियम आहेत. जवाब स्टेजवरच द्यायचा, चालीत आणि लोकांसमोर. तो बरोबर की चूक हे फक्त सवाल टाकणारी सांगणार. आणि सवाल अंगावर असेपर्यंत तिच्या दाराची पायरी चढायची नाही. चढलात तर तुम्ही हरलात.

पुढच्या साली डीजे आला.

“काका, पोरं नाचायला मागत्यात,” रवी घरी येऊन म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाला. “बसून ऐकायला कोण हाय आता?” डीजेला जेवण लागत नाही, कोरस लागत नाही आणि तो उलट उत्तर देत नाही. कुठल्याही समितीला यापेक्षा सोयीचा कलावंत मिळणं कठीण. गोटीरामांनी रवीला चहा पाजला, रिकामी कपबशी आत नेली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांची पार्टी आपोआप विरत गेली. ढोलकीवाला बँडमध्ये गेला, पेटीवाला पुण्याला. सवाल तेवढा राहिला. ते त्याच्यावर काम करत राहिले, जसं कुणी निवृत्तीनंतर बागेत काम करतं. सकाळी व्हॉल्व्हच्या चावीवर वाकलेले असताना मध्येच थांबत. सावली म्हणावी, तर ती एकाचीच असते. पूल म्हणावा, तर एक काठ गेला तरी दुसऱ्या काठावर दगड उरतात. मीही वाचनाच्या जोरावर एकदा ‘संवाद’ असं सुचवलं.

“हे मैदानात गायचं?” ते म्हणाले. “कोरसला ताप यील.”

“मग सरळ तिलाच का विचारत नाही? पंचवटी काही पाकिस्तानात नाही. स्कूटरवर वीस मिनिटं.”

मी त्यांना चोरी सुचवल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले. “सवाल अंगावर घेऊन दारात जाऊ? मी हरलो तर हरलो, त्याचं काय नाय. पण तिला काय वाटंल? एवढी वर्षं आपण याच्याशी लढत होतो, या असल्या माणसाशी?”

दोन हजार पाचमध्ये ते निवृत्त झाले. महेशची बदली पुण्याला झाली होती. त्याला मूल झालं, आणि सुलाबाई नातवासाठी तिकडे गेल्या त्या राहिल्याच. गोटीरामांना पुण्यात करमेना. त्याचं कारण त्यांनी ‘तिथलं पाणी’ असं सांगितलं, आणि पाणीपुरवठ्यातल्या माणसाला यावर कोण काय बोलणार. ते एकटे परत आले आणि तळमजल्यावर स्वतःच स्वयंपाक करून राहू लागले. आमच्या जिन्यात त्यांचा रेडिओ ऐकू यायचा. त्याला ते अधूनमधून काहीतरी उत्तर देत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर फुलाबाई आली. फुलाबाई म्हणजे झुंबरबाईच्या कोरसमधली पहिली बाई, सोडलेला शब्द उचलणारी. मी तेव्हा पेपर द्यायला खाली गेलो होतो. ती आत आली नाही, चौकटीतच उभी राहिली.

“बाईंनी विचारलंय, उत्तर सापडलं का.”

“तब्येत कशी हाय त्यांची?”

“साखर हाय. पायाला लागलंय. दवाखान्यात नेतो, आणतो. गाडीवर मीच बसते आता.”

गोटीराम दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, “सांग, शोधतोय.”

“असंच सांगू?”

“असंच सांग.”

फुलाबाईने चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. “बरं,” म्हणाली आणि गेली.

आठवड्याभरात एका दुपारी ते हातात पळी घेऊन जिना चढून माझ्या दारात आले. श्वास लागला होता. “सापडलं!”

झालं होतं असं की त्यांची आमटी खारट झाली होती. पहिला घास घेतला आणि सवयीने ओरडायला तोंड उघडलं, तर समोर कुणी नाही. आमटी केलीही त्यांनीच आणि खाल्लीही त्यांनीच. तोंड उघडं ठेवून ते तसेच बसले आणि सवाल सुटला.

“काय उत्तर?” मी विचारलं.

“तुम्हाला कसं सांगू? आधी तिला. स्टेजवर.”

यानंतरचे तीन-चार महिने गोटीराम गांगुर्डे यांना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, ती म्हणजे एक स्टेज. ते रवीच्या घरी खेपा घालू लागले. रवी वाईट मुलगा नव्हता. त्याला आता डीजेवाल्याची, मंडपवाल्याची आणि नगरसेवकाची मर्जी सांभाळायची होती, आणि या तिघांनंतर म्हाताऱ्यांसाठी फारसं काही उरत नव्हतं. तरी शेवटी त्याने पंधरा मिनिटं दिली. जयंतीच्या संध्याकाळी, मिरवणूक निघायच्या आधी, डीजेची गाडी लागेपर्यंत. झुंबरबाईला रिक्षाने आणायचं त्याने कबूल केलं. गोटीरामांनी दात बसवला होता तो काढून ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ गळा घासायला सुरुवात केली. फेट्याला खळ देऊन तो गॅलरीत वाळत घातला. मार्च चालू होता.

झुंबरबाई मार्चच्या शेवटी गेली. जयंती पंधरवड्यावर आली होती.

गोटीरामांना कुणी कळवलं नाही. दुश्मनाला कोण कळवतं? त्यांना ते पेपरातल्या छोट्या जाहिरातीतून कळलं, पुण्यानुमोदनाच्या शोकविधीची तारीख आणि फोटो. फोटो पत्रिकेवरचाच होता, फक्त वीज काढून टाकलेली. त्यांनी पेपर घडी करून माझ्या हातात दिला. “फेटा वाळलाय,” म्हणाले. “स्कूटर काढता का?”

पंचवटीच्या मागच्या वस्तीत गल्लीतच मंडप घातला होता. धम्मवंदना होऊन गेली होती. झुंबरबाईची पार्टी एका गादीवर बसली होती, मध्ये फोटो, हार, मेणबत्ती. दारातच तिचा पुतण्या जीवन आडवा आला. सगळं लहानपण त्याने आत्याच्या बाजूने टाळ्या वाजवण्यात घालवलं होतं.

“तुम्ही कशाला आले इथं?”

“बसायला आलोय, बाबा.”

“आत्याला जन्मभर टाकून बोलले. दोडका काय, कच्चं काय! बरं वाटलं का आता?”

दोन-तीन जण उठून जीवनच्या मागे उभे राहिले. बारा वर्षं लोकांना पटवून दिलेलं वैर पुरतं पटलं होतं. आता ते खोटं होतं म्हणून सांगायची सोय नव्हती. गोटीरामांनी फेटा दोन्ही हातांनी नीट केला आणि उन्हात उभे राहिले.

गादीवरून फुलाबाईचा आवाज आला, “येऊ दे रे जीवन. त्यांच्या अंगावर सवाल हाय.”

जुनी माणसं होती त्यांना कळलं. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. वाट झाली. कुणीतरी समोर एक सतरंजी टाकली आणि गोटीराम तिच्यावर एकटे बसले, ना पेटी, ना कोरस. पलीकडच्या ढोलकीवाल्याने विचारल्यासारखं पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि त्याने तिच्याच चालीचा ठेका धरला. ते फोटोकडे तोंड करून गायले. आवाज सुरुवातीला फाटला. पण सवय मोठी असते. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला, मैदानात करायचे तसाच:

तुझं नि माझं भांडण गं बाई, दोघांच्या मालकीचं,
अर्धं घेऊन बसलोय घरी, काय करू...

त्यांनी दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द सोडून दिला होता. तिच्या रीतीने. फुलाबाईने तो उचलला नाही. ती पदर तोंडाला लावून बसली होती. मग मागून, खुर्च्यांमधून, लोकांनी यमकावरून ओळखून तो म्हटला, ‘एकल्याचं’. जीवनही म्हणाला असावा. त्याचं तोंड हलताना मी पाहिलं.

ठेका थांबला. रीतीप्रमाणे इथे सवाल टाकणारीने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं असतं. सगळे फोटोकडे पाहत होते. गोटीरामसुद्धा.

नंतर पंगत बसली. जीवनने आमच्यापुढे पत्रावळी मांडल्या, वर न बघता. गोटीराम पहिल्यांदाच तिच्या पार्टीबरोबर जेवत होते. उस्तादाने सांगितलं होतं त्याप्रमाणे जेवणं झाली तसे लोक आपापल्या घरी निघून गेले. आम्ही दोघं अजून पानावरच होतो. फुलाबाई वरण वाढायला आली तेव्हा गोटीरामांनी हळूच विचारलं.

“फुलाबाई, सवाल टाकायच्या आधी उत्तर कोरसच्या कानात सांगून ठेवायची रीत हाय. तुला माहीत असंल. बरोबर आलं का माझं?”

फुलाबाई भांडं घेऊन तशीच खाली बसली. “दादा, सांगितलं नव्हतं. परत येताना रिक्षात मीच विचारलं, बाई, उत्तर काय? तर म्हणाल्या, मला तरी कुठं माहितीये.”

“म्हंजी?”

“उत्तरच नव्हतं त्याला. दहा वाजत आले होते, समितीत डीजेचं बोलणं चाललंय हे त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, सवाल अंगावर राहिला की पुढच्या साली दोघांनाबी बोलवावं लागंल. तोवर सुचंल एखादं उत्तर.” तिने भांडं खाली ठेवलं. “मग बोलावणं आलंच नाय. दिवाळीला मला तुमच्याकडं धाडलं. मी येऊन सांगितलं, शोधत्यात. तर हसल्या. म्हणाल्या, शोधू दे. मनात असंल तर यील एखाद्या दिवशी इकडं.”

गोटीराम भात कालवत होते. कालवत राहिले. “मी सवालच धरून बसलो गं,” एवढंच म्हणाले. मग घास तसाच ठेवून, “मग माझं बरोबर का चूक?”

“ते आता कोण सांगणार, दादा?”

परत येताना पुलावर त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. मला वाटलं फेटा नदीत सोडतील, काहीतरी करतील. त्यांनी फक्त फेटा काढून मांडीवर घेतला, वाऱ्याने उडत होता म्हणून, आणि म्हणाले, “चला.”

जयंतीला त्यांनी ती पंधरा मिनिटं रवीला परत केली. मिरवणूक आमच्या रस्त्याने गेली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ते आत खुर्चीवर बसून होते. रेडिओ बंद होता.

आता रविवारी सकाळी मी खाली त्यांच्याकडे चहाला जातो. सुरुवात कशी झाली ते सांगतो. पुण्यानुमोदनानंतरच्या पहिल्या रविवारी मी सहज डोकावलो, पाचेक मिनिटं बसलो आणि उठू लागलो. त्यांनी विचारलं, “तुम्ही वाचणारे. सांगा बघू. दोघांच्या मालकीचं, एकाला पेलवेना...”

“भांडण,” मी म्हणालो. “तुम्हीच तर गायलात.”

“चूक.”

“चूक कसं?”

“चूक म्हंजी चूक. घरी जाऊन विचार करा. पुढच्या रविवारी सांगा.”

त्यानंतर मी रविवारमागून रविवार उत्तरं दिली आहेत. झोका, करार, शेजार, बुद्धिबळ. ‘संवाद’ पुन्हा एकदा देऊन पाहिलं. प्रत्येक उत्तर ते डोळे मिटून ऐकतात, त्यात कुठे खोट आहे ते नीट समजावून सांगतात, माझ्या शिक्षणाचा उद्धार करतात आणि चहा ओततात. हल्ली चहात साखर कमी असते, त्यावरूनही आमचं वाजतं. मी दाराशी पोचलो की ते मागून म्हणतात, “पुढच्या रविवारी, साहेब.”

उत्तर काय आहे ते मला केव्हाच कळलं आहे. येत्या रविवारी मी ‘गुपित’ सांगणार आहे. ते चूक असावं, अशी माझी अटकळ आहे.